लक्की आणि यक्की

दुखऱ्या खांद्याला, मनगटाला, गुडघ्याला चोळायचं तेल मला उत्तम करता येतं. हे मी संकोच न करता सांगतो, कारण आमच्या घरात आता ते काम माझ्याकडेच आहे. तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, ओवा, मेथी, सुंठ, आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा निर्गुडीच्या पाल्याचा रस. आच किती ठेवायची, मेथी कोणत्या रंगावर आली की बास म्हणायचं, कापूर तेल निवल्यावरच का घालायचा, हे मला आता घड्याळाकडे न बघता कळतं. या तेलाने काय होतं आणि काय होत नाही, तेही मला ठाऊक आहे. थंडीत आखडलेला सांधा, भाकऱ्या थापून भरून आलेलं मनगट, दिवसभर खुर्चीत बसून ताठलेली कंबर, यांना उतार पडतो. सांधा लाल होऊन सुजलेला असेल, अंगात ताप असेल, हाताला मुंग्या येऊन वस्तू निसटत असेल, तर मी बाटली हातात देत नाही. आधी डॉक्टरला दाखवून या म्हणतो.

पण हे तेल मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते चुकलं होतं. चूक माझी होती. आणि त्या चुकीचा दोष मी दोन वर्षं एका म्हाताऱ्या बाईच्या माथ्यावर राहू दिला. त्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. तेलाची कृती मला कुणीही विचारली तरी मी सांगतो. ही गोष्ट मात्र आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही.

सुरुवात माझ्या लग्नापासूनच करायला हवी. आमचं घराणं मूळचं कानडी बोलणारं. सोलापुरात आल्यावर शाळा मराठी, दुकानदारी मराठी, शेजार निम्मा तेलुगू, त्यामुळे घरातली कानडी आटत गेली. माझ्यापर्यंत ‘बा’, ‘होगु’ आणि ‘ऊटा आतेनु’ एवढीच पोचली. या, जा आणि जेवण झालं का. मुलगी बघायला आम्ही अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात गेलो. तिथे घरात, गोठ्यात, देवळात सगळीकडे कानडी. मुलाला कानडी येते ना, असं तिकडच्या मंडळींनी विचारलं. माझ्या वडिलांनी ठोकून दिलं की आमच्या घरात दुसरं बोलतोय कोण. मी मान हलवली. पुढची पंचवीस वर्षं ती मान हलतच राहिली.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा अव्वांनी मला शेजारी बसवून बरंच काही सांगितलं आणि शेवटी विचारलं, ‘तिळीतू?’ मला वाटलं, तीळ हवेत का म्हणून विचारतायत. मी म्हणालो, ‘हौद्री.’ म्हणजे हो. त्या समाधानाने उठल्या. ‘तिळीतू’ म्हणजे ‘कळलं का’, हे मला काही महिन्यांनी बायकोच्या बोलण्यातून समजलं. चुकीच्या समजुतीने दिलेलं उत्तर बरोबर ठरलं होतं. त्या दिवशी माझी फजिती झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. उलट मला युक्ती सापडली. अव्वा थांबल्या की ‘हौद्री’ म्हणायचं, चेहरा गंभीर ठेवायचा. त्या माझ्याशी अर्धं मराठीत बोलायच्या, मधेच कानडीत शिरायच्या, आणि मी त्यांच्यामागून अंदाजाने चालायचो. जावई फार समजूतदार आहे, असं त्या गावभर सांगायच्या. बायको माझ्याशी मराठीतच बोलायची, त्यामुळे तिलाही कधी पत्ता लागला नाही.

अव्वांचं तेल त्यांच्या गावात प्रसिद्ध होतं. निंदणी करून कंबर धरलेल्या बायका, ऊसतोडीत मनगट दुखावलेल्या बायका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायच्या. अव्वा आधी दुखऱ्या जागेवर हात ठेवून बघायच्या. गरम लागतंय का, दाबल्यावर कुठे कळ जाते, बोटं मिटतात का. काहींना तेल चोळायच्या, काहींना सरळ सांगायच्या, ‘हे माझ्या हातचं न्हाई, दवाखान्यात जा.’ दरवर्षी एक बाटली आमच्याकडे यायची.

माझी बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. फळ्यावर लिहून लिहून तिचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंतही जाईना. वेणी घालायला मी बसायचो आणि माझ्या हातची वेणी बघून ती आणखी वैतागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितले. गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची आणि व्यायामाने कळ यायची, म्हणून दोन्ही निम्म्यावर सुटलं. तेलाची बाटली संपलेली होती. नेमकं त्याच वेळी अव्वांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना चुलीजवळ बसायला मनाई होती. तेव्हा ठरलं की कृती त्यांनी फोनवर सांगायची आणि तेल मी करायचं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. तो फोन मी दुपारी ऑफिसातून केला. प्रवेशाचे दिवस होते, खिडकीबाहेर पोरांची गर्दी आणि आत पंख्याचा खडखडाट. एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर मी लिहून घेत होतो. तेल, लसूण, ओवा, मेथी, सुंठ इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग त्या म्हणाल्या की दोन मुठी अमक्याचा ‘तप्पल’ घ्या, वाटून रस काढा. तप्पल म्हणजे पाला हे मला माहीत होतं. कशाचा पाला, तो शब्द मात्र नीट कळला नाही. शेवटी ‘क्की’ होतं, एवढं कानात राहिलं.

इथे मला स्वच्छ सांगायचं आहे. फोनचा आवाज खराब नव्हता, पंख्याचाही दोष नव्हता. परत सांगा, असं मी म्हणू शकलो असतो. पण पंचवीस वर्षांत मी अव्वांना एकदाही ‘परत सांगा’ म्हटलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘तिळीतू?’ मी म्हणालो, ‘हौद्री.’ आणि ‘क्की’ने संपणारा जो एकच पाला मला ठाऊक होता, तो लिहून टाकला. यक्की. यक्की म्हणजे रुई.

रुईबद्दल मला शंका आली नाही, कारण माझी आई सुजलेल्या पायावर रुईचं पान गरम करून बांधायची. आमच्या ऑफिसच्या शेजारच्या मोकळ्या जागेत रुई माजलेली होती. शनिवारी मारुतीला वाहायला लोक तिथूनच पानं तोडून नेतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दोन मुठी पानं खुडली. देठातून पांढरा चीक टपटप गळत होता. घरी येऊन पानं मिक्सरमधून काढली आणि रस तेलात ओतला. अव्वांनी सांगितलं होतं की तेल झालं का ते बघायला त्यात कापसाची वात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर आत पाणी आहे, अजून कढवायचं. मुकाट जळली तर झालं. बायको शाळेतून यायच्या आत सगळं आवरायचं होतं म्हणून मी वात पेटवलीच नाही. तेलाला हिरवट रंग आला होता. मला तो रंग बघून अभिमान वाटला.

संध्याकाळी ते तेल मी तिच्या खांद्याला चांगलं जिरवलं आणि वरून गरम कपड्याने शेकलं. सुरुवातीला जळजळलं तेव्हा ती म्हणाली की अव्वांच्या तेलाने असं होत नाही. मी म्हणालो, ताजं आहे, जोर जास्त असणार. दुसऱ्या दिवशी खांद्यापासून दंडापर्यंत फोड आले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी तेलात काय काय होतं ते विचारलं. मी एकेक पदार्थ सांगत गेलो. रुई ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘डोळ्यात गेलं नाही हे नशीब समजा.’

दवाखान्यातून घरी येताच बायकोने आईला फोन लावला. स्पीकर चालू होता आणि मी समोर उभा होतो. अव्वा म्हणत होत्या, ‘यक्की कशाला घातलासा? मी लक्की सांगितली की.’

लक्की. तो शब्द ऐकताच मला दुपारचा तो फोन जसाच्या तसा आठवला. हाच शब्द होता. लक्की म्हणजे निर्गुडी, हे मला बायकोच्या पुढच्या वाक्यातून कळलं. ती आईवर चिडून म्हणाली, ‘लक्की सांगितली असतीस तर निर्गुडी आणली नसती का त्यांनी? त्यांनी लिहून घेतलंय, अव्वा. कागद आहे इथं.’ आणि तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी खिशातलं पाकीट काढून दिलं. माझ्या चांगल्या, ऑफिसात सगळे वाखाणतात त्या अक्षरात लिहिलेलं होतं: यक्की पाला, दोन मुठी.

बायकोने ते फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं. मग अव्वा म्हणाल्या, ‘लिवलंय म्हणजे मीच बोलले आसन. दात न्हाईत, जीभ वळंना. आता डोस्कं बी गेलं म्हणायचं.’

मी त्या क्षणी तीन शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी पाकिटाची घडी घालून परत खिशात ठेवलं.

लिहिलेलं खरं मानायची सवय आम्हा कारकुनांनीच लोकांना लावलेली आहे. ऑफिसात एखाद्याचं नाव चुकून नोंदलं गेलं तर मी त्यावर एकच आडवी रेघ मारतो, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नाव लिहितो आणि बाजूला सही करतो. चूक झाली होती, ती कुणी दुरुस्त केली, हे पुढच्या माणसाला कळावं, असा तो नियम आहे. नवीन लागलेल्यांना मीच हे शिकवतो. घरात मात्र चुकीची नोंद तशीच राहू दिली.

बायकोचे फोड तीन आठवड्यांत भरले, खांद्यावर काळसर डाग राहिले. माझी समजूत अशी होती की डाग पुसट होतील तसं प्रकरणही पुसट होईल. तसं झालं नाही. अव्वांनी तेल करणं बंद केलं. बायका ओट्यावर यायच्या तेव्हा त्या सांगायच्या, माझ्याच लेकीचा खांदा मी भाजला, आता माझ्या हातचं काही घेऊ नका. हे मला बायकोकडून कळत होतं. कळलं की मी पेपरात डोकं घालत असे. एकदा बायको म्हणाली की अव्वा आता गावातल्या मेडिकलमधून गोळी आणून घेते, कृती विचारली तर आठवत नाही म्हणते. मी म्हणालो, वय झालं आता. हे वाक्य मला आजही टोचतं.

दोन वर्षं अशी गेली. मग गावी अव्वांसोबत राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याची लांब बदली झाली आणि अव्वा आमच्याकडे राहायला आल्या. आता जे मी नुसतं ऐकत होतो ते रोज डोळ्यांपुढे आलं. डोळे चांगले झालेले, कान तिखट, पाठ सरळ. फक्त गुडघे दुखायचे. पण स्वयंपाकघरात त्या पाहुण्यासारख्या वागायच्या. आमटीत मीठ घालायच्या आधी लेकीला विचारायच्या. कढईत मोहरी टाकायच्या आधी डबा उघडून तिच्यापुढे धरायच्या. ती शाळेत गेलेली असली की स्वयंपाक तसाच ठेवून वाट बघायच्या. गुडघ्यांना चोळायला मी बाजारातलं मलम आणून दिलं. ते लावायच्या आधी रोज माझ्याकडून नाव वाचून घ्यायच्या. बायको काळजीत पडली. डोक्याच्या डॉक्टरांना दाखवावं का, असं ती मला विचारू लागली. मी म्हणालो, बघू.

एका दुपारी मी घरी जरा लवकरच आलो. अव्वा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. एका हातात ओव्याची बरणी, तळहातावर चिमूटभर ओवा. त्यांनी तो नाकाशी नेला, चोळला, परत नाकाशी नेला आणि मला विचारलं, ‘जावईबापू, ह्यो ओवाच हाय न्हवं?’

आमच्या घरातला ओवा त्या बरणीचं झाकण उघडलं की बाहेरच्या खोलीत कळतो. ज्या बाईने पन्नास वर्षं ओव्याचा शेक दिला, तेल कढवलं, वासावरून मेथी जळायला आली हे परसातून ओळखलं, ती मला विचारत होती की हा ओवाच आहे ना. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘मग बरं. माझा काय भरोसा.’

त्या क्षणी मला पुरतं कळलं की त्यांचं डोकं शाबूत आहे. ते गेलं असं त्यांना मी पटवून दिलंय, आणि त्यावर विश्वास ठेवून त्या एकेक गोष्ट सोडून देतायत. आणखी वर्षभर असं चाललं असतं तर खरोखरच काही उरलं नसतं. आणि डॉक्टरांकडे नेऊन मी तिथेही हौद्री म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी निर्गुडी शोधायला बाहेर पडलो. ती काही दुर्मीळ नाही, ओढ्याच्या कडेला, बांधाला कुठेही असते. पण दोन वर्षांत मी तिच्याकडे बघायचंही टाळलं होतं. एक डहाळी निर्गुडीची आणली. येताना ऑफिसच्या शेजारून रुईचं एक पान खुडलं आणि कागदात गुंडाळून घेतलं. घरी बायको वह्या तपासत बसली होती. अव्वा लसूण सोलत होत्या. मी स्टीलच्या ताटात दोन्ही ठेवून ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि विचारलं की ही नावं काय.

त्यांनी हात मागे घेतला. ‘मला नका इचारू. मी चुकंन.’

मी म्हणालो, चुकलात तरी चालेल, पण सांगा. बायकोने वहीतून मान वर केली. अव्वांनी निर्गुडीचं एक पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला आणि लगेच म्हणाल्या, ‘लक्की.’ मग रुईकडे नुसतं बघून, ‘ही यक्की. हात लावू नका, चीक हाय.’

‘अव्वा, तुम्ही मला लक्कीच सांगितली होती,’ मी म्हणालो. ‘मला तो शब्द कळला नाही. मी विचारलं नाही. यक्की माझ्या मनाने लिहिली.’

खिशातून ते पाकीट काढून मी ताटाशेजारी ठेवलं. दोन वर्षं ते मी कपाटात दडवलं होतं. फाडून का टाकलं नाही, हे मला सांगता येत नाही. मग मी बाकीचंही बोललो. की मला कानडी येतच नाही. की लग्नाच्या वेळी ते खोटं सांगितलं होतं. की ‘तिळीतू’ म्हणजे तीळ असं मला वाटलं होतं. हे शेवटचं ऐकून बायकोच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तिला हसू आलं होतं की रडू, ते तेव्हा मी विचारलं नाही.

अव्वा हसल्या नाहीत. त्यांनी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या एका बाजूला केल्या, सालं दुसऱ्या बाजूला केली. मग म्हणाल्या, ‘पाला चुकला, ते आसूं दे. माणूस चुकतंय. मला दोन वर्सं येडी म्हणून का बसवलासा?’

 मी भित्रा होतो, हे उत्तर होतं. ते त्यांच्यापुढे इतकं लहान दिसत होतं की तोंडातून निघेना. त्या उठून आत गेल्या. बायको मला एवढंच म्हणाली, ‘माझ्या खांद्यावरचे डाग मी विसरले असते हो. आईला मी जे बोलले, ते कसं विसरू?’ आणि तीही उठून आईमागे गेली. ते दिवस माझ्यासाठी कठीण होते आणि ते तसेच असायला हवे होते.

पण एक गोष्ट मी त्याच दुपारी पाहिली. अव्वांनी आमटीत मीठ घातलं, कुणालाही न विचारता. डब्यात न बघता. आमटी अगदी नेमकी झाली होती.

माझ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि फोन लावायला सांगितलं. गावातल्या त्यांच्या शेजारणीला. ती त्यांच्याच वयाची, त्यांच्या ओट्यावर रोज बसणारी आणि कुठलीही बातमी दिवेलागणीच्या आत गावभर पोचवणारी. तिला मी सांगायचं होतं, आणि कानडीत सांगायचं होतं. अव्वांनी मला दोन वाक्यं शिकवली. ‘अव्वा सरी हेळिद्रु. तप्पु नंदु.’ म्हणजे अव्वांनी बरोबर सांगितलं होतं, चूक माझी. पाच वेळा माझ्याकडून म्हणवून घेतली. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

फोन लागला. स्पीकरवर तिकडून चार-पाच बायकांची कुजबुज ऐकू येत होती. ओटा भरलेला असणार. मी घसा साफ केला. पहिलं वाक्य बरोबर म्हणालो. दुसरं ठासून म्हणालो, ‘तप्पल नंदु.’

 मग शेजारणीने कानडीत काहीतरी विचारलं आणि तिकडचा सगळा ओटा हसायला लागला. माझ्या शेजारी अव्वांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मी चूक माझी म्हणण्याऐवजी पाला माझा, असं सांगितलं होतं. बायकोने नंतर सांगितलं, शेजारीण विचारत होती, कसला पाला म्हणे जावयाचा, लक्की का यक्की? दोन वर्षांनी मी अव्वांना हसताना बघत होतो. त्यांनी डोळे पुसले, फोन स्वतःकडे ओढला आणि त्या बायकांना इतकं भराभर, इतक्या जोरात सगळं सांगायला लागल्या की मला एक शब्द समजला नाही. त्या मधेच माझ्याकडे वळल्या.

‘तिळीतू?’ 

माझी मान सवयीने हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि बायकोकडे बघितलं. तिने ओठांनी मला शब्द दिला. मी म्हणालो, ‘तिळिलिल्ला, अव्वा.’ नाही कळलं.

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘आता जावई शिकायला लागला.’

ते पाकीट आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. ‘यक्की’वर मी एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘लक्की’ लिहिलं आणि सही केली. बायकोने ते वाचून विचारलं की तारीख कुठाय. मी तारीख घातली. ‘दोन वर्षं उशिरा,’ असं तिने स्वतःच्या हाताने पुढे लिहिलं. तेही राहू दिलं आहे.

त्यानंतर तेल आम्ही नव्याने केलं. अव्वा स्टुलावर बसल्या, मी शेगडीपुढे उभा राहिलो. प्रत्येक शब्दाला मी विचारलं आणि त्यांनी प्रत्येक शब्दाला टोमणा मारून उत्तर दिलं. निर्गुडीचा रस घातल्यावर तेल उसळतं, तेव्हा आच कमी करायची आणि ढवळायचं सोडायचं नाही. पाणी आटत जातं तसा बुडबुड्यांचा आवाज बदलतो. आधी जाड, मग बारीक. तळाशी बसलेला गाळ दोन बोटांत धरला तर त्याची वात वळली पाहिजे. मग खरी वात. कापूस बुडवला, पेटवला. पहिल्यांदा तडतडली. मी आणखी थोडं कढवलं. दुसऱ्यांदाही एकदा तडकली. या वेळी मी घाई केली नाही. तिसऱ्यांदा वात शेवटपर्यंत मुकाट जळली. तेल आधी माझ्या मनगटावर थेंबभर लावून दिवसभर ठेवलं. कुणालाही पहिल्यांदा देताना मी अजून तसंच करायला सांगतो.

बायकोचा खांदा नुसत्या तेलाने सुटला, असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी तेल चोळून शेक घेतला की तिला डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता येऊ लागले, कळ कमी झाली, आणि व्यायामाने हात हळूहळू वर गेला. आता वेणी ती स्वतः घालते. गोळी लागलीच तर घेते, पण अशी वेळ क्वचित येते. अव्वांचे गुडघे त्यांच्या वयाचे आहेत. तेलाने त्यांना सकाळी उठताना आधार मिळतो, एवढं त्या स्वतः सांगतात, आणि एवढंच सांगतात.

गावाहून आता रिकाम्या बाटल्या येतात. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून, चिंध्यांत गुंडाळलेल्या. मी तेल करतो, बाटल्या भरतो, चिठ्ठ्या चिकटवतो. अव्वा प्रत्येक चिठ्ठी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. काय काय घातलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाल्यापाशी आलो की त्या हात वर करून मला थांबवतात आणि तो शब्द परत म्हणायला लावतात. मी म्हणतो. त्या बाटलीचं झाकण उघडतात, एकदाच वास घेतात, कुणाला काही विचारत नाहीत आणि बाटली पुढे सरकवतात.